आकड्याआधी थराचा हिशेब

मेंदूतल्या पेशींच्या भोवती जे द्रव असते त्यात क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, साधारण २०० ते ४०० मायक्रोमोलर (द्रवातल्या रेणूंच्या प्रमाणाचे एकक; एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर, आणि हजार मायक्रोमोलर म्हणजे एक मिलिमोलर) इतके असते. त्याच द्रवात डोपामाइन, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणारे एक रसायन, मात्र, मेंदू फारसा चेतवलेला नसताना, दहा-वीस नॅनोमोलरच्या घरात आणि कित्येकदा त्याहूनही कमी. हिशेब केला तर डोपामाइनच्या एका रेणूमागे क जीवनसत्त्वाचे वीस-तीस हजार रेणू येतात. दोघेही जवळपास सारख्याच व्होल्टेजला आपले इलेक्ट्रॉन सोडतात. त्यामुळे मेंदूत उघडी तार घालून स्थिर व्होल्टेजला प्रवाह मोजला, तर जो आकडा येतो तो बव्हंशी क जीवनसत्त्वाचा असतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटाने १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड उतरवला आणि जिवंत मेंदूत विद्युतरासायनिक मोजमाप होऊ शकते हे दाखवून दिले. त्या आलेखात दिसलेला उंचवटा पुढे मुख्यतः अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा निघाला. या क्षेत्राची सुरुवातच अशी झाली असल्यामुळे पुढची पन्नास वर्षे त्यातली निम्मी मेहनत एकाच कामावर गेली: तारेवर असा थर द्यायचा की हवा तो रेणू आत यावा आणि नको तो बाहेर राहावा.

मेंदूच्या रसायनाचा आकडा हा खरे तर त्या थराचा आकडा असतो. थर कसा दिला, देताना काय मोजले, मेंदूत जाण्याआधी तो काय अडवत होता आणि मेंदूतून बाहेर आल्यावर काय अडवत होता, एवढे चार प्रश्न सुटल्याशिवाय 'मेंदूतली पातळी' हा शब्द कोणी वापरू नये. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाला ही अट निधी देणाऱ्यांनी घालावी. माणसाच्या मेंदूत जाणाऱ्या साधनाला ती नियामकाने घालावी. चारांपैकी शेवटचा प्रश्न आज सर्वांत कमी विचारला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

थर काम कसा करतो ते आधी पाहू. शरीराच्या ७.४ पीएचला अ‍ॅस्कॉर्बिक आम्लावर ऋण भार असतो आणि डोपामाइनवर बहुतांशी धन भार. नॅफिऑन हे ड्यूपाँ कंपनीत १९६० च्या दशकात तयार झालेले फ्लोरिनयुक्त पॉलिमर आहे. त्याच्या साखळीवर सल्फोनेटचे ऋण भार असतात. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांत आणि इंधन-घटांत त्याचे पडदे वापरात आले. १९८४ मध्ये ग्रेग गेरहार्ट, अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी हेच नॅफिऑन मेंदूतल्या इलेक्ट्रोडवर चढवले. ऋण अ‍ॅस्कॉर्बेटला, म्हणजे भारित रूपातल्या त्याच आम्लाला, ते दूर लोटते आणि धन डोपामाइनला आत घेते. कल्पना साधी आणि आजही उपयोगी आहे.

करणी मात्र नाजूक असते. अल्कोहोल-पाण्यात विरघळवलेल्या पाच टक्के नॅफिऑनमध्ये टोक बुडवायचे, काढायचे आणि साधारण १७० अंश सेल्सिअसला चार-पाच मिनिटे भाजायचे. पुरेसे भाजले नाही तर थर बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, फुगतो आणि सुटतो. जास्त तापवले तर तार आणि काच किंवा इपॉक्सी यांच्यातला सांधा भेगाळतो, आणि मग प्रवाह थरातून न येता भेगेतून येतो. थर पातळ राहिला तर अ‍ॅस्कॉर्बेट झिरपते. जाड झाला तर डोपामाइनलाही आत यायला वेळ लागतो आणि क्षणात उमटून जाणारा संकेत पसरट होतो. पुढे थरावर एन्झाइम, म्हणजे ठरावीक रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, बसवायचे असेल तर भाजणे त्याआधीच उरकावे लागते, कारण त्या तापमानाला कोणतेही एन्झाइम टिकत नाही.

आता समजा थर उत्तम जमला आणि डोपामाइनला तो अ‍ॅस्कॉर्बेटच्या हजारपट प्रतिसाद देतो. हजारास एक हे प्रमाण कोणत्याही प्रयोगशाळेला अभिमान वाटावा असे आहे. पण बाहेर ३०० मायक्रोमोलर अ‍ॅस्कॉर्बेट आहे. त्याचा हजारावा भाग ०.३ मायक्रोमोलर, म्हणजे ३०० नॅनोमोलर. खरे डोपामाइन १० नॅनोमोलर असताना हा सेन्सर स्थिर व्होल्टेजला ३१० दाखवील. अ‍ॅस्कॉर्बेट दहा टक्क्यांनी हलले तरी आकडा ३० ने हलेल आणि तो बदल खऱ्या डोपामाइनच्या तिप्पट असेल. त्यातच मेंदूत अ‍ॅस्कॉर्बेट स्थिर नसते. पेशी ग्लुटामेट, म्हणजे संदेश नेणारे आणखी एक रसायन, परत आत ओढतात तेव्हा अ‍ॅस्कॉर्बेट बाहेर येते, म्हणून मेंदू कामाला लागला की तेही वाढते. म्हणजे ही चूक आंधळी नसते. प्राणी जागा झाला, हलला, शिकला की चुकीचा आकडाही त्याच्याबरोबर चढतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की आपल्याला हवे तेच दिसले.

यावर वेगवान चक्रीय व्होल्टामेट्रीचा उपाय निघाला. सात मायक्रोमीटर व्यासाच्या कार्बन फायबरवर व्होल्टेज उणे ०.४ पासून अधिक १.३ पर्यंत सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने नेऊन परत आणायचे, सेकंदातून दहा वेळा. प्रत्येक फेरी साडेआठ मिलिसेकंदांची. आलेखाच्या आकारावरून डोपामाइन ओळखता येते. पण या पद्धतीत पार्श्वभूमीचा प्रचंड प्रवाह वजा करावा लागतो, म्हणून ती फक्त थोड्या वेळातला बदल सांगते, मूळ पातळी सांगत नाही. या मर्यादेचा उल्लेख शोधनिबंधात असतो. बातमीपर्यंत येता येता तो नाहीसा होतो.

ज्या रसायनांना स्वतःचे इलेक्ट्रॉन सहज सोडता येत नाहीत, उदाहरणार्थ ग्लुकोज, लॅक्टेट, ग्लुटामेट, त्यांच्यासाठी वेगळी रचना लागते. एन्झाइम त्या रेणूला ऑक्सिजनच्या साहाय्याने मोडते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि प्लॅटिनम ते पेरॉक्साइड मोजते. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे थेट वंशज. इथे थराचे काम भाराचे नसून आकाराचे असते: पेरॉक्साइडचा इवलासा रेणू आत यावा आणि अ‍ॅस्कॉर्बेट, युरिक आम्ल, डोपामाइन हे मोठे रेणू बाहेर अडावेत. हे काम सर्वांत चांगले करणारा थर पॉली-ऑर्थो-फेनिलीनडायअमीनचा. इटलीतल्या एका गटाने १९९० मध्ये ग्लुकोज सेन्सरसाठी तो वापरला आणि डब्लिनच्या प्रयोगशाळांनी तो मेंदूत नेऊन वर्षानुवर्षे त्याची बारकाईने तपासणी केली.

हा थर देताना पाहिला की माझा मुद्दा लगेच पटेल. १२५ मायक्रोमीटर व्यासाची, टेफ्लॉनचे आवरण असलेली प्लॅटिनम-इरिडियमची तार घ्यायची. आवरण धारदार ब्लेडने एक मिलिमीटर सोलायचे. ब्लेड बोथट असेल तर टेफ्लॉन धातूवर फासले जाते आणि क्षेत्रफळ गुपचूप कमी होते. सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता पुढे जाणे म्हणजे पहिली चूक. १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये ३२४ मिलिग्रॅम मोनोमर, म्हणजे ज्याचे सुटे रेणू जुळून हा थर बनतो ते ऑर्थो-फेनिलीनडायअमीन, विरघळवायचे, म्हणजे ३०० मिलिमोलर होते. ते सहज विरघळत नाही, किंचित कोमट करून हलवावे लागते. पूड पांढुरकी असावी. तपकिरी झालेली असेल तर ती हवेने बिघडली आहे, टाकून द्यावी. हे रसायन विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि धूरपेटी हवीच. द्रावणातून अर्धा तास नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढायचा. मग तारेला ७०० मिलिव्होल्ट देऊन पंधरा मिनिटे ते अर्धा तास थांबायचे.

या अर्ध्या तासात पडद्यावर जे दिसते ते फार सुंदर आहे. सुरुवातीला प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो. मोनोमर धातूवर जुळत जातो, आणि जुळलेला थर वीज वाहून नेत नसल्यामुळे स्वतःच स्वतःची वाढ थांबवतो. प्रवाह झपाट्याने उतरतो आणि शेवटी नॅनोअँपिअरमध्ये येऊन सपाट होतो. थराची जाडी सुमारे दहा नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या काही हजाराव्या भागाइतकी. हा उतार नीट आला तर थर एकसंध बसला आहे असे समजावे. तो मध्येच अडला, पुन्हा चढला किंवा वरच सपाट झाला तर कुठे तरी भोक आहे, नाही तर नायट्रोजन कमी पडला आहे. एका आलेखात एवढी माहिती असते, आणि शोधनिबंधांमध्ये तो आलेख क्वचितच छापलेला दिसतो.

नंतर ताज्या बफरमध्ये ७०० मिलिव्होल्टला ठेवून प्रवाह स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. घाई करायची नाही, रात्रभर ठेवलेले उत्तम. मग दोन मोजमापे घ्यायची: एक मिलिमोलर पेरॉक्साइडला किती प्रवाह येतो आणि एक मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बेटला किती. चांगल्या थरावर अ‍ॅस्कॉर्बेटचा प्रवाह थोडा वाढून सपाट होतो, पुढे कितीही टाकले तरी वाढत नाही. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की थराची प्रत कळते. हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली असावे. तारेचे नुसते कापलेले गोल टोक वापरले तर हे प्रमाण बिघडते, कारण गळती मुख्यतः धातू आणि आवरण यांच्या काठावर होते, आणि लहान चकतीत क्षेत्रफळाच्या मानाने काठ जास्त असतो. सेन्सर जितका लहान करू तितका मेंदूला इजा कमी आणि काठाची गळती जास्त, ही ओढाताण या क्षेत्रात कायमची आहे.

इथपर्यंत सगळे काचेच्या भांड्यात घडले. मेंदूत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच प्रथिने थरावर बसू लागतात. तासाभरात संवेदनशीलता उतरायला लागते. दिवसांमध्ये मेंदूतल्या संरक्षक आणि आधारपेशी, म्हणजे मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट तारेभोवती जमतात, आणि सेन्सर ज्या ऊतीचे मोजमाप करतो ती ऊती आधीसारखी राहत नाही. चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्स तारेवरचे (जिच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तिच्यावरचे) क्लोराइड झिजते, त्याचे व्होल्टेज सरकते, आणि त्याबरोबर आलेखातले सगळे उंचवटे सरकतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. पडद्यावर आकडा उमटतच असतो.

म्हणून मेंदूतून काढलेला इलेक्ट्रोड हळूच धुऊन पुन्हा त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला, त्याच दोन रसायनांपुढे धरणे, म्हणजे उत्तर-कॅलिब्रेशन, हा प्रयोगाचा निम्मा भाग मानला पाहिजे. पेरॉक्साइडचा प्रतिसाद निम्म्यावर आला असेल तर शेवटच्या तासांतले आकडे दुप्पट करावे लागतील. अ‍ॅस्कॉर्बेटचा प्रतिसाद पाचपट झाला असेल तर थर फाटला, आणि तो कधी फाटला हे ठाऊक नसल्यामुळे अख्खा आलेख संशयित होतो.

यावर एक आक्षेप अनुभवी लोक घेतात आणि तो वजनदार आहे. इलेक्ट्रोड ओढून काढतानाच थर खरवडला जातो, चिकटलेली ऊती त्याच्याबरोबर येते किंवा थराला घेऊन मागे राहते. मग बाहेर आल्यानंतरचा आकडा आत असतानाची अवस्था कशी सांगणार? खरे आहे, तो नेमकी अवस्था सांगत नाही. पण आधीचा आकडा तरी कुठे सांगतो? दोन्ही बाजूंची मोजमापे असतील तर खरी पातळी साधारण कोणत्या टप्प्यात असावी याचा अंदाज बांधता येतो. एकच बाजू असेल तर अंदाजाची मर्यादाही कळत नाही. माझा आग्रह एवढाच की दोन्ही आकडे छापावेत, आणि त्यांच्यात पाचव्या हिश्शाहून जास्त फरक असेल तर 'पातळी' न सांगता 'या टप्प्यातला बदल' असे लिहावे.

दुसरी अट जोडीच्या तारेची. केंटकी विद्यापीठात गेरहार्ट यांच्या गटाने सिरॅमिकच्या पात्यावर शेजारीशेजारी प्लॅटिनमचे ठिपके बसवले. एका ठिपक्यावर ग्लुटामेट ऑक्सिडेज, गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन आणि ते बांधून ठेवायला थोडे ग्लुटारल्डिहाइड. दुसऱ्यावर एन्झाइम सोडून बाकी सगळे तेच. पहिल्याच्या आकड्यातून दुसऱ्याचा आकडा वजा केला की जे उरते ते ग्लुटामेट. पद्धत चोख आहे, पण दोन्ही ठिपक्यांवरचा अडवणारा थर सारखा असला तरच. पहिल्यावर थर चांगला आणि दुसऱ्यावर गळका असेल तर वजाबाकीतून खरा ग्लुटामेटचा चढ खाली दिसेल. उलट असेल तर नसलेला ग्लुटामेट दिसेल. म्हणून दोन्ही ठिपक्यांचे पेरॉक्साइड आणि अ‍ॅस्कॉर्बेटचे आकडे जोडीने जुळवून मगच तो इलेक्ट्रोड वापरायला घ्यावा, आणि ते जुळवलेले आकडे निबंधात असावेत.

आपल्याकडच्या संशोधनाबद्दल इथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण प्रश्न सार्वजनिक पैशाचा आणि तरुणांच्या वर्षांचा आहे. देशातल्या अनेक विद्यापीठांतून डोपामाइन सेन्सरवर प्रबंध होतात. ठरलेला मार्ग असा: काचेसारख्या कार्बनच्या तीन मिलिमीटर चकतीवर एखादे नवे नॅनोद्रव्य आणि पॉलिमर यांचा लेप, बफरमध्ये नॅनोमोलरपर्यंत पोचणारी शोधमर्यादा (ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण), आणि शेवटी 'प्रत्यक्ष नमुना' म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली डोपामाइनची कुपी. त्या कुपीत मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅम डोपामाइन हायड्रोक्लोराइड असते, म्हणजे सुमारे २१० मिलिमोलर. मेंदूतल्या प्रमाणाच्या दोन कोटीपट. ती पातळ करून बफरमध्ये टाकली की शंभर टक्क्यांच्या जवळ उत्तर येणारच. तिथे प्रथिने नाहीत, तिप्पट-चौपट नव्हे तर हजारोपट अ‍ॅस्कॉर्बेट नाही, वेळेबरोबर घाण बसणे नाही. तीन मिलिमीटरची चकती कोणाच्या मेंदूत जाणार नाही हे तर उघडच आहे.

असे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जे मोजले जाते तेच ते करतात. बदलायला हवे ते मोजमाप. निधी देणाऱ्या संस्थेने प्रस्तावातच विचारावे: थर दहा दिवस ३७ अंशांच्या अल्ब्युमिनच्या द्रावणात राहिल्यावर त्याचे निवडीचे प्रमाण किती उरले? ४०० मायक्रोमोलर अ‍ॅस्कॉर्बेट सतत उपस्थित असताना २० नॅनोमोलर डोपामाइनचा बदल दिसतो का? या दोन प्रश्नांना प्राणी लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही. एक पोटेन्शिओस्टॅट (ठरलेले व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारे उपकरण), एक उष्ण पाण्याची टाकी आणि चिकाटी पुरते. अशी चाचणी न उतरलेला इलेक्ट्रोड प्राण्याच्या मेंदूत घालायला संस्थेच्या प्राणी-नीती समितीनेही परवानगी देऊ नये. ज्याचा अर्थ लावता येणार नाही अशा आलेखासाठी एक जीव खर्च करणे मला अनैतिक वाटते.

पॉलिमरच्या नावाने आणखी एक गोंधळ चालतो. पेडॉट, पॉलिपायरॉल यांसारखी वीज वाहून नेणारी पॉलिमरे इलेक्ट्रोडचा विद्युतअवरोध कमी करतात, मेंदूचे विद्युत संकेत टिपायला ती फार उपयोगी आहेत. पण वीज वाहून नेणारा थर म्हणजे निवड करणारा थर नव्हे. उलट पेडॉट स्वतःजवळ जास्त भार साठवतो, त्यामुळे पार्श्वभूमीचा प्रवाह फुगतो, आणि जाड थर तडकून सुटण्याची भीती असते. म्हणूनच अमेरिकेतल्या मार्क वाइटमन यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये पेडॉट आणि नॅफिऑन एकत्र करून कार्बन फायबरवर चढवले: एकाची मजबुती, दुसऱ्याची निवड. 'पॉलिमरचा लेप दिला आहे' हे वाक्य ऐकल्यावर पहिला प्रश्न हवा: कोणते पॉलिमर, आणि कशाला अडवण्यासाठी?

माणसाच्या मेंदूपर्यंत हे तंत्र पोचलेले आहे. पार्किन्सनच्या एका रुग्णावर खोल मेंदू-उद्दीपनाची (मेंदूत आत इलेक्ट्रोड बसवण्याची) शस्त्रक्रिया चालू असताना कार्बन फायबरने डोपामाइनचे बदल टिपल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१६ मध्ये सतरा रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात प्रवाहाचे डोपामाइनमध्ये रूपांतर करणारे गणिती प्रारूप प्रयोगशाळेतल्या द्रावणांवर शिकवलेले होते. भांड्यात शिकलेले प्रारूप मेंदूत तसेच लागू पडते का, यावर क्षेत्रातल्या जाणत्यांनी जाहीर शंका घेतली. ती शंका निरोगी आहे. तो प्रयोग धाडसाचा होता आणि मोलाचाही. पण त्याच्या आधारे उद्या कोणी नैराश्य किंवा व्यसन यांच्या रुग्णाला 'तुमचे डोपामाइन आम्ही सतत मोजू' असे सांगू लागला, तर त्याला थांबवण्याइतकी स्पष्ट अट आज हातात असायला हवी.

मेंदूचे रसायन मोजण्याची खरी निकड आज मनोविकारांपेक्षा अतिदक्षता विभागात आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या, बेशुद्ध रुग्णाला काय होते आहे ते तो सांगू शकत नाही. तिथे मेंदूतल्या ऑक्सिजनचा क्लार्क पद्धतीचा शोधक अनेक ठिकाणी वापरला जातो. तोही पॉलिमरच्या आवरणाआडचा इलेक्ट्रोडच आहे: ऑक्सिजन पॉलिथिलीनमधून आत झिरपतो आणि बाकीचे बाहेर राहते. मेंदूतला ऑक्सिजन २० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात. या शोधकापासून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे घातल्यानंतर पहिला तास-दोन तास त्याच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही, आणि शंका आली की रुग्णाला थोडा वेळ शंभर टक्के ऑक्सिजन देऊन आकडा चढतो का ते पाहतात. चढला नाही तर शोधक संशयित. म्हणजे खाटेजवळ, रुग्णाला इजा न करता, साधनाची परीक्षा घेण्याची पद्धत आधीच रुळलेली आहे. ग्लुकोज, लॅक्टेट यांच्या सेन्सरलाही अशीच परीक्षा ठरवून द्यावी.

ती का हवी याचे एक उदाहरण पुरे. ग्लुकोज ऑक्सिडेजला ऑक्सिजन लागतो. मेंदूच्या द्रवात ग्लुकोज अर्धा ते दोन मिलिमोलर, आणि ऑक्सिजन जेमतेम ०.०५ मिलिमोलर. सेन्सरवर एन्झाइम जास्त भरले आणि ग्लुकोजला आवरणारा बाहेरचा थर दिला नाही, तर प्रवाह ग्लुकोजऐवजी ऑक्सिजनच्या मर्जीने चालतो. मेंदूला रक्त कमी पडू लागले, ऑक्सिजन उतरला, की पडद्यावर 'ग्लुकोज कमी' असे उमटेल. डॉक्टर ग्लुकोज वाढवतील आणि खरे कारण, रक्तपुरवठा, तसेच राहील. बाहेर पॉलियुरेथेनसारखा थर देऊन ग्लुकोज आत यायला थोडे कठीण केले, आणि शेजारी ऑक्सिजनचा शोधक ठेवला, की ही चूक टळते. ज्या सेन्सरबरोबर ऑक्सिजनची परीक्षा दिलेली नाही तो अतिदक्षता विभागात येऊच नये.

औषधांचेही तसेच. मधुमेहासाठी दंडावर लावायच्या सततच्या ग्लुकोज सेन्सरांचा अनुभव आता आपल्याकडेही घरोघरी येऊ लागला आहे. जुन्या काही पेरॉक्साइड-आधारित सेन्सरांत पॅरासिटामॉल घेतल्यावर ग्लुकोज खोटेच वाढलेले दिसायचे. डेक्सकॉम या कंपनीच्या सेन्सरच्या २०१८ च्या पिढीत अडवणारा थर सुधारला आणि ठरावीक मात्रेपर्यंतचे पॅरासिटामॉल चालेल असे कंपनीने जाहीर केले. ऑस्मियमयुक्त पॉलिमर वापरणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरवर दिवसाला ठरावीक मात्रेहून जास्त क जीवनसत्त्व घेऊ नका असा इशारा असतो. दंडाच्या सेन्सरवर शंका आली तर बोट टोचून लगेच खरे-खोटे करता येते. मेंदूत अशी दुसरी पडताळणी नसते. आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला ताप आला की शिरेतून पॅरासिटामॉल दिले जाते. ते मेंदूत पोचते, आणि ७.४ पीएचला त्यावर भार नसतो, म्हणून नॅफिऑन त्याला अडवत नाही. त्याला अडवायला आकाराने गाळणारा थरच हवा. तेव्हा अतिदक्षता विभागात रोज दिल्या जाणाऱ्या औषधांची यादी घेऊन त्यातल्या प्रत्येकासमोर थर तपासणे, ही अट कागदावर क्षुल्लक दिसली तरी रुग्णाच्या जिवाची आहे.

भारतात वैद्यकीय साधन नियम २०१७ नुसार साधनांची जोखमीप्रमाणे अ ते ड अशी वर्गवारी होते आणि मध्यवर्ती मज्जासंस्थेशी थेट संपर्क येणारी साधने ड वर्गात, सर्वांत कडक तपासणीत जातात. चौकट चांगली आहे. पण जैवसुसंगततेच्या चाचण्यांचा रोख साधन ऊतीचे काय करते यावर असतो. ऊती साधनाच्या आकड्याचे काय करते हा उलटा प्रश्न तितक्याच ठामपणे विचारला जावा. त्यात निर्जंतुकीकरणही धरावे, कारण थर देऊन झाल्यावर, एन्झाइम बसवल्यावर शेवटी साधन निर्जंतुक करावेच लागते. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, एन्झाइम मरते. वायूने किंवा किरणांनी केले तर थराचे आणि एन्झाइमचे काय होते ते प्रत्येक रचनेसाठी वेगळे तपासावे लागते. प्रमाणाचे आकडे निर्जंतुक केल्यानंतरचे द्यावेत. आधीचे आकडे रुग्णाच्या काही कामाचे नाहीत.

कंपन्या म्हणतील की थराची कृती हे त्यांचे व्यापारी गुपित आहे. ते त्यांनी खुशाल राखावे. कृती कोणी मागत नाही. मागतो ते वर्तन: पेरॉक्साइडला किती, अ‍ॅस्कॉर्बेटला किती, पॅरासिटामॉलला किती, ऑक्सिजन निम्मा झाला तर किती, निर्जंतुकीकरणानंतर किती, आणि काढल्यानंतर किती. प्रत्येक सेन्सरबरोबर हे सहा आकडे एका कार्डावर येऊ शकतात. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाला मात्र गुपिताची सबब नाही. तिथे कृती, थर देतानाचा प्रवाहाचा आलेख, आणि वापरात न आलेल्या गळक्या इलेक्ट्रोडांची संख्यासुद्धा छापली पाहिजे. दहा केले, चार चांगले निघाले हे लिहायला कोणाला लाज वाटू नये. पुढच्या माणसाला त्याच आकड्यातून तंत्राची खरी स्थिती कळते.

शेवटच्या आकड्यासाठी रुग्णालयाला एक सवय बदलावी लागेल. आज मेंदूतून काढलेली तार टोकदार जैववैद्यकीय कचरा म्हणून २०१६ च्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जाते, आणि तिच्याबरोबर तिने सांगितलेल्या आकड्यांची शेवटची साक्षही. त्या डब्याआधी तिला तासभर द्यावा. सलाइनमध्ये हळूच धुवावी, सुकू देऊ नये, ३७ अंशांच्या बफरमध्ये बसवावी, प्रवाह स्थिर होऊ द्यावा, मग आधी पेरॉक्साइड आणि नंतर अ‍ॅस्कॉर्बेट टाकावे. दोन आकडे लिहून घ्यावेत, त्याखाली वेळ आणि सही. हे काम एक प्रशिक्षित तंत्रज्ञ करू शकतो. मग तार डब्यात टाकावी आणि तो कागद रुग्णाच्या फाइलीत लावावा.